विजेची मालवाहू गाडी : खर्च किती, पल्ला किती?

माल पिकविणे हा शेतकऱ्याच्या व्यवहाराचा अर्धा भाग होय. तो वेळेवर व थोड्या खर्चात बाजारापर्यंत पोहोचविणे हा उरलेला अर्धा. पहिल्या भागाविषयी आपण पुष्कळ विचार करतो. खत कोणते घालावे, पाणी केव्हा द्यावे, छाटणी कशी करावी, यांवर आपल्या बैठकींत तासन् तास चर्चा होते. दुसऱ्या भागाविषयी मात्र टेम्पो दारात उभा असला आणि माल रवाना झाला, की बहुतेकांचे समाधान होते. डहाणू व तलासरी तालुक्यांतील बागायतदारास ही उपेक्षा परवडण्यासारखी नाही. येथील मुख्य फळ चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले व त्याचे नाव दूरवर गेले. परंतु नावाने फळ टिकत नाही. झाडावरून उतरविलेला चिकू साधारण आठवडाभरात पिकून मऊ पडतो. वाणगाव, चिंचणीकडील ढोबळी मिरचीचेही तसेच. सकाळी तोडलेला माल त्याच दिवशी मार्गाला लागला तर भाव, नाही तर तोटा.

अशा स्थितीत विजेवर चालणाऱ्या लहान मालवाहू गाड्यांची जाहिरात आता खेड्यापाड्यांत येऊन पोहोचली आहे. कैनाडसारख्या गावीही ‘इंधनाचा खर्च चौथाईवर येतो’ आणि ‘एकदा भरली की दीडशे किलोमीटर जाते’ ही दोन वाक्ये कानी पडू लागली आहेत. दोन्ही वाक्ये सर्वस्वी खोटी नाहीत. पण ज्या अटींवर ती खरी ठरतात त्या अटी जाहिरातीत नसतात. गाडीसाठी कर्ज काढावयाचे म्हणजे वाडीच्या चार-पाच वर्षांच्या उत्पन्नावर बोजा चढवावयाचा. यास्तव भर बाजाराच्या बोलण्यावर न ठेवता स्वतः हिशेब मांडून पाहणे अवश्य आहे. तो कसा मांडावा हे दाखविण्याचा या लेखात आम्ही प्रयत्न करणार आहोत. आमचा निष्कर्ष प्रारंभीच सांगून टाकतो. जी गाडी रोज थोडी चालते तिला वीज परवडत नाही, जी फार लांब जाते तिला वीज पुरत नाही; या दोहोंच्या मधला जो पट्टा आहे तेवढ्यातच ही गाडी लाभाची ठरते. आपण त्या पट्ट्यात बसतो किंवा नाही, हाच खरा प्रश्न आहे.

गाडी नवी, कल्पना जुनी

विजेची मालवाहू गाडी ही आजची कल्पना नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील शहरांत घरोघर दूध पोहोचविण्याचे काम विजेच्या हजारो गाड्या करीत होत्या. त्यांच्या बॅटऱ्या शिशाच्या, जड व मंद होत्या. गाडी धावे तीही सावकाश. तरीही तो धंदा दशकानुदशके चालला, याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. दूधवाल्याचा मार्ग ठरलेला होता, अंतर ठरलेले होते, जागोजागी थांबावे लागत होते, आणि फेरी संपली की गाडी आपल्याच ठाण्यावर परत येऊन रात्रभर भरली जात होती. आज मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर पार्सले वाटणाऱ्या विजेच्या गाड्या दिसतात, त्यांचेही तंत्र तेच आहे. म्हणजे गाडीच्या गुणापेक्षा कामाच्या ठेवणीवर यश अधिक अवलंबून असते, हा जुना धडा आजही कायम आहे.

आपल्याकडे टाटा कंपनीने २००५ साली ‘एस’ नावाची लहान गाडी काढली व ती ‘छोटा हत्ती’ या नावाने घरोघरी परिचित झाली. तिचाच विजेवर चालणारा प्रकार २०२२ साली जाहीर झाला. त्यानंतर जून २०२५ मध्ये ‘एस प्रो’ ही त्याहून लहान गाडी एकाच वेळी तीन प्रकारांत बाजारात आली : पेट्रोलची, गॅस व पेट्रोल दोन्हींवर चालणारी, आणि विजेची. एकाच घाटाच्या तीन गाड्या समोर असल्यामुळे तुलना सोपी झाली आहे. म्हणून उदाहरणादाखल आम्ही तीच घेतो. कोणत्याही एका कंपनीची शिफारस करण्याचा आमचा हेतू नाही. खालील पद्धतीने कोणत्याही गाडीचा हिशेब करता येईल.

कागदावरचा पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला

या विजेच्या गाडीची बॅटरी १४.४ युनिटांची असून एकदा पूर्ण भरल्यावर ती १५५ किलोमीटर जाते असे कंपनी सांगते. हा आकडा प्रमाणित चाचणीचा असतो. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत गाडी फिरत्या रुळांवर चढवून, ठरावीक वेगाने, ठरावीक वेळ चालवून ही चाचणी घेतात. सर्व गाड्यांना एकच माप लावता यावे एवढाच तिचा उद्देश. त्या रुळांवर खड्डा नसतो, चढ नसतो, समोरून वारा नसतो व पाऊसही नसतो. म्हणून चाचणीचा आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यास उपयोगी. पण आपली फेरी ठरविण्यास तो जसाच्या तसा घेणे हे बियाण्याच्या पाकिटावरील उत्पन्न शेतात गृहीत धरण्यासारखेच होय.

पल्ला कशाने घटतो हेही पाहू. पहिले कारण ओझे. भरलेल्या गाडीस प्रत्येक थांब्यानंतर पुन्हा वेग घेताना अधिक शक्ती लागते. दुसरे कारण वेग. ताशी चाळीसने जाणाऱ्या गाडीपेक्षा ताशी साठने जाणारी गाडी हवेच्या विरोधातच पुष्कळ वीज गमावते. म्हणून राष्ट्रीय महामार्गावरील धाव पाड्यांच्या रस्त्यांवरील धावेपेक्षा महाग पडते. डिझेलच्या गाडीची सवय असणारास हे उलटे वाटेल, पण विजेच्या गाडीचा स्वभाव असाच आहे. तिसरे कारण चढ. याचे गणित सोपे आहे. डहाणूच्या बाजूने चारोटी, कासावरून जव्हारास जाताना सुमारे ४०० मीटर उंची चढावी लागते. गाडी मालासह १,६०० किलो वजनाची धरली तर ते वजन तितके वर उचलण्यासच पावणेदोन युनिटे खर्च होतात. यंत्रातील झीज धरता दोन. १४.४ पैकी दोन युनिटे, म्हणजे बॅटरीचा सातवा हिस्सा, केवळ उंचीस लागला. उतरताना मोटार उलट वीज निर्माण करते व त्यातील काही भाग परत मिळतो, परंतु सर्व मिळत नाही. सपाट किनारपट्टीवर ही अडचण नाही. जव्हार-मोखाड्याकडे ज्याचा व्यवहार आहे त्याने मात्र ती विसरू नये.

या सर्वांचा विचार करून आम्ही एक ढोबळ नियम सुचवितो. कागदावरच्या पल्ल्याचा दोन-तृतीयांश भाग रस्त्यावरचा पल्ला समजावा. १५५ चे दोन-तृतीयांश १०३ होतात. त्यातील पाचवा भाग राखीव ठेवावा. कारण बॅटरी अगदी रिती होईपर्यंत गाडी चालविणे बॅटरीसही अपायकारक व मालकासही धोक्याचे. उरले ८२. पुढे वर्षे जातील तशी बॅटरीची साठवण कमी होत जाईल. ती एक-पंचमांशाने घटली तर हाच आकडा ६६ वर येईल. म्हणून कर्ज फिटेपर्यंतच नव्हे, तर त्यानंतरही गाडीने काम द्यावे अशी इच्छा असेल, तर रोजची फेरी ६० किलोमीटरांच्या आसपास बसली पाहिजे. दीडशेच्या जागी साठ ऐकून कित्येकांचा हिरमोड होईल; पण वाटेत चिकूचे क्रेट घेऊन उभे राहण्यापेक्षा घरी हिरमोड झालेला बरा.

आता हे माप आपल्या अंतरांस लावू. डहाणूहून बोर्डी सुमारे १७ किलोमीटर, जाऊन-येऊन ३४. डहाणूहून महामार्गावरील चारोटी पंचवीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन ५०. ही कामे विजेच्या गाडीच्या आवाक्यातील आहेत. कैनाड व भोवतालच्या पाड्यांतून माल गोळा करून डहाणू रोडच्या बाजूस पोहोचविणे, येताना खत, पेंड अथवा रिकामे क्रेट आणणे, हे तर तिचे खास काम. परंतु वाशीची बाजार समिती येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तेथे ही गाडी एकदा भरून जाईलही कदाचित्, पण परत येणार नाही. आणि वाटेत पाच-सहा तास भरण्यासाठी थांबावयाचे तर बाजाराची वेळ टळते. यास्तव लांबचा माल भाड्याच्या मोठ्या ट्रकानेच पाठवावा व विजेच्या गाडीकडे वाडीपासून ट्रकापर्यंतची मजल द्यावी.

युनिटाचा खरा भाव

वर सांगितल्याप्रमाणे १०३ किलोमीटरांस १४.४ युनिटे, म्हणजे किलोमीटरास ०.१४ युनिट पडते. परंतु मीटरवर जेवढी वीज चढते तेवढी सर्व बॅटरीत जात नाही. सुमारे आठवा भाग उष्णतेत वाया जातो. म्हणून मीटरच्या हिशेबाने किलोमीटरास ०.१६ युनिट धरावे.

आता युनिटाचा भाव. येथे बहुतेकांची फसगत होते. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी. त्यापुढे ३०० पर्यंतचा जवळजवळ दुप्पट. त्याहून पुढचा आणखी चढा. रोज ६० किलोमीटर याप्रमाणे महिन्यात २५ दिवस गाडी चालली तर २४० युनिटे लागतील. घरचा वापर मुळात १०० युनिटांचा असेल तर गाडीची सगळी वीज वरच्या टप्प्यांत पडते. जो विक्रेता पहिल्या टप्प्याच्या दराने हिशेब करून दाखवितो तो गाडीची नव्हे, दिव्याची वीज मोजतो. कर व इतर आकार धरून आम्ही युनिटास १४ रुपये घेतले आहेत. त्याप्रमाणे किलोमीटरास २ रुपये २४ पैसे पडतात.

येथेच एक इशारा देणे आम्हांस अगत्याचे वाटते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य शासनाने वीज मोफत केली आहे. पंपाच्या खोलीतून गाडी भरली तर फुकटात काम होईल, असा विचार कोणाच्याही मनात येईल. तो तेथेच सोडून द्यावा. पंपाची जोडणी पंपासाठीच दिलेली असते. ज्या कामासाठी जोडणी घेतली त्याहून निराळ्या कामास वीज वापरणे हा २००३ च्या विद्युत् कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली अनधिकृत वापर ठरतो व त्याची आकारणी चढ्या दराने होते. घरच्या जोडणीवर स्वतःची गाडी भरण्यास मात्र मुभा आहे व तेथे घरचाच दर लागतो.

ज्याच्या घरावर मोकळे छप्पर आहे त्यास दुसरा मार्ग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठेवले आहे. एवढा संच उघडिपीच्या दिवसांत रोज दहा-बारा युनिटे देतो, म्हणजे ६० किलोमीटरांच्या फेरीची वीज घरच्या छपरावरच निघते. पावसाळ्यात उत्पन्न पुष्कळ घटते, हे विसरू नये. तरीही ज्याने संच आधीच बसविला आहे त्याच्यासाठी पुढील सर्व आकडे अधिक अनुकूल होतात.

जमाखर्चाचा ताळा

पेट्रोल लिटरास १०४ रुपये व भरलेली गाडी लिटरास १६ किलोमीटर. गॅस किलोस ८० रुपये व किलोस २० किलोमीटर, असे धरून पुढील कोष्टक तयार होते. भाव बदलत असतात. वाचकांनी आपल्या गावचा त्या दिवसाचा भाव घालून ते पुन्हा करावे.

दर किलोमीटरास इंधनखर्च —
पेट्रोल : ६ रुपये ५० पैसे
गॅस : ४ रुपये
वीज : २ रुपये २४ पैसे

जून २०२५ मध्ये जाहीर झालेली प्रारंभीची किंमत —
पेट्रोलची गाडी : ३ लाख ९९ हजार
गॅस-पेट्रोलची गाडी : ४ लाख ९९ हजार
विजेची गाडी : ६ लाख ५० हजार

म्हणजे पेट्रोलच्या गाडीपेक्षा विजेच्या गाडीस २ लाख ५१ हजार रुपये अधिक पडतात, आणि प्रत्येक किलोमीटरास ४ रुपये २६ पैसे वाचतात. अधिक दिलेले पैसे वसूल होण्यास सुमारे ५९ हजार किलोमीटर धाव व्हावी लागते. परंतु एवढ्यावर थांबून चालणार नाही. अधिक गुंतविलेल्या रकमेवर शेकडा १० व्याज धरले तर वर्षास २५,१०० रुपये होतात. ते पैसे कर्जाऊ घेतलेले असोत की घरचे, व्याज धरलेच पाहिजे. घरच्या पैशासही दुसरीकडे काम असते.

आता दोन शेतकरी कल्पू. पहिल्याची एकट्याची लहान वाडी आहे. गाडी रोज २० किलोमीटर, वर्षात ३०० दिवस चालते, म्हणजे ६,००० किलोमीटर. त्याची इंधनाची बचत २५,५६० रुपये. व्याज वजा जाता हाती उरतात अवघे ४६० रुपये. वर्षभराच्या उठाठेवीचे हे फळ; आणि त्यातून अधिक दिलेली मूळ रक्कम फिटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसऱ्याची गाडी रोज ६० किलोमीटर चालते, वर्षास १८,०००. त्याची बचत ७६,६८० रुपये. पहिल्या वर्षाचे व्याज जाता ५१,५८० उरतात. चार-साडेचार वर्षांत त्याची अधिक रक्कम व्याजासह सुटते व पुढचा सर्व लाभ त्याचा. गाडी तीच, वीज तीच, रस्ताही तोच. फरक केवळ चाक किती फिरले याचा.

गॅसच्या गाडीशी तुलना केली तर विजेचा लाभ पुष्कळ आखडतो. तेथे किंमतीतील फरक १ लाख ५१ हजार व किलोमीटरास बचत १ रुपया ७६ पैसे. वर्षास १८,००० किलोमीटर चालूनही बचत ३१,६८० रुपये, व व्याज १५,१०० वजा करता १६,५८० उरतात. ज्याच्या वाटेवर गॅसचा पंप आहे व तेथे रांगेत तास मोडत नाही, त्याने घाईने विजेकडे धावण्याचे कारण नाही. पंपावर जाण्यासाठीच पंधरा-वीस किलोमीटर वाकडी वाट करावी लागत असेल, तर गोष्ट वेगळी.

या ताळ्यात आणखी काही बाबी घालावयाच्या आहेत. विजेच्या गाडीस इंजिनाचे तेल, गाळण्या, क्लच यांचा खर्च नाही. टायर, ब्रेक, पाटे यांचा खर्च मात्र आहे तसाच आहे. ऑक्टोबर २०१८ पासून विजेच्या गाड्यांना परवान्याची अट नाही. याउलट सप्टेंबर २०२५ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या मालवाहू गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर तो आधीच ५ टक्के होता. त्यामुळे वर दाखविलेला किंमतीतील फरक वाढण्याचा संभव आहे, आणि ज्यास गाडी घ्यावयाची त्याने त्या दिवसाचे दर घेऊनच फरक काढावा. शासनाची काही सवलत मिळणार असेल तर ती हाती पडल्यावर वजा करावी. मिळणार म्हणून आधी धरू नये.

भरण्याची व्यवस्था

पंधरा अँपिअरच्या साध्या जोडावर तीन किलोवॅटच्या वेगाने वीज घेतली तर रिती बॅटरी भरण्यास पाच-सहा तास लागतात. परंतु खेड्यात संध्याकाळी दाब उतरतो. तो १८० व्होल्टवर आला तर तेच काम सात तासांवर जाते. वीज मध्येच गेली तर पहाटेची फेरी अर्ध्या बॅटरीवर काढावी लागते. म्हणून भरणे मध्यरात्रीनंतर न ठेवता फेरी संपताच सुरू करावे. जोडासाठी मुख्य फळीपासून स्वतंत्र जाड तार घ्यावी, भूजोडणी तपासून घ्यावी, आणि गोठ्यातील किंवा ओसरीवरील जुन्या तारेवर एवढा भार कधीही टाकू नये. आपल्याकडील पावसाळ्याचा विचार करता जोड पक्क्या छपराखाली व जमिनीपासून उंच असावा. मोरीवरून पाणी वाहत असताना गाडी त्यात घालू नये. हा नियम सर्वच गाड्यांना लागू असला तरी येथे तो दुप्पट पाळावा. उन्हात तापलेली गाडी आल्याबरोबर भरावयास न लावता थोडी सावलीत निवू द्यावी. उष्णता ही बॅटरीची मोठी वैरी आहे.

गाडी बिघडल्यास गावचा मिस्त्री तीस हात लावू शकणार नाही, हेही ध्यानी ठेवावे. कंपनीची अधिकृत कार्यशाळा किती दूर आहे, तेथे बॅटरीचे काम होते काय, हमी किती वर्षांची व किती किलोमीटरांची, आणि साठवण किती घटल्यास बॅटरी बदलून मिळते, हे लेखी घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत.

धुराविषयी दोन शब्द

विजेची गाडी धूर सोडत नाही हे खरे. परंतु वीज कोठून येते हे डहाणूकरांस सांगावयास नको. डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र नव्वदीच्या दशकापासून कोळसा जाळून मुंबईस वीज पुरवीत आले आहे, आणि १९९१ साली या तालुक्यास पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर करण्यात आले, त्यामागील वाडीवाल्यांची चिंता अजून ताजी आहे. तेव्हा केवळ धूर वाचतो म्हणून कोणी गाडी घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही. छपरावरील सूर्याची वीज भरली तर मात्र तो दावा पुष्कळ अंशी सार्थ ठरेल.

मग करावे काय?

एकट्या लहान बागायतदाराची गाडी रोज ६० किलोमीटर चालणार नाही, हे उघड आहे. पण शेजारच्या तीन-चार वाड्या एकत्र आल्या तर चालेल. सकाळी सर्वांचा माल उचलावा, दुपारी खत व पेंड आणावी, मधल्या वेळी गावातील दूध-भाजीची खेप घ्यावी. खर्च किलोमीटरांच्या प्रमाणात वाटून घ्यावा व वही एकाच्याच हाती असावी. ज्या गाडीने एकट्यास वर्षाकाठी ४६० रुपये सुटतात, तीच चौघांची झाली म्हणजे पन्नास हजारांवर बचत दाखविते. आमच्या मते विजेच्या गाडीचे खरे स्थान असे सहकारी आहे.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी कराव्या. पहिली, एक महिना सध्याच्या गाडीची वही ठेवावी. तारीख, खेपा, किलोमीटर, मालाचे वजन व इंधन, एवढे पाच रकाने पुरेत. सर्वांत लांबची फेरी ८० किलोमीटरांहून अधिक वारंवार निघत असेल, अथवा रोजची सरासरी ३० किलोमीटरांच्या आत येत असेल, तर सध्या हा विचार पुढे ढकलावा. दुसरी, विक्रेत्याकडून गाडी एक दिवस मागून घ्यावी. आपला माल, आपला रस्ता व आपलाच चालक ठेवून ती पूर्ण भरलेल्या स्थितीपासून पाचवा भाग उरेपर्यंत चालवावी व किलोमीटर टिपून ठेवावे. ती चाचणी कोणत्याही छापील आकड्यापेक्षा अधिक मोलाची. जो विक्रेता अशी चाचणी देण्यास तयार नसेल त्याच्या दारातून परत यावे.

ज्या वाचकांनी अशी वही ठेवली असेल अथवा चाचणी घेतली असेल, त्यांनी आपले आकडे आमच्याकडे अवश्य पाठवावे. दहा गावांचे खरे आकडे एकत्र आले, तर पुढच्या शेतकऱ्यास आमच्या अंदाजांवर विसंबून राहावे लागणार नाही.